गाडीनं हवा घेतली

गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नऊ टन कास्टिंग भरलं
आणि उचगावच्या पुलाचा चढ लागताच
गाडी परत तशीच,
बोलता बोलता विषय विसरलेल्या माणसासारखी
थांबली.

तिसरा दिवस हा.
निपाणीत फीड पंप खोलून पुसून बसवला,
कागलला फिल्टर बदलला,
रोज रात्री टाकीपासून पंपापर्यंत
खाली वर्तमानपत्रं अंथरली.
सकाळी बघावं तर बातम्या कोरड्या.
एक थेंब नाही.

दस्तगीर शिकलगार उद्यमनगरातून एम-एटीवर आला,
हँडलला पान्यांची पिशवी,
खांद्यावर गवंडी लेव्हल बघायला वापरतात
तसली पारदर्शक नळी.
फिल्टरच्या अलीकडची लाइन सोडून
मध्ये ती जोडली, म्हणाला,
मार सेल्फ.

नळीतून डिझेल निघालं
आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे,
एकामागून एक,
शाळेला निघाल्यागत.

'सातापा, तू खाली बघत बसलायस.
ही वढीची लाइन. हितं भोक पडलं
तर डिझेल भाईर येत न्हाई,
हवा आत जाती.
गळणारं भोक काय, आंधळ्याला बी घावतंय.'

मला आबा आठवले.
आई गेली त्या दिवशी
सोप्यात खुर्ची टाकून बसलेले, ठणठणीत कोरडे.
चुलता म्हणाला, दगड हाय दगड.
मीही तेच धरून चाललो.
पुढं वर्षभर
माडीचा जिना चढताना ते मधल्याच पायरीवर थांबायचे,
कशाला वर निघालो होतो ते विचारायचे.

'तेराचा पाना दे,' दस्तगीर म्हणाला.

दोघं गाडीच्या पोटाखाली सरकलो.
तिसऱ्या क्लॅम्पखालचं रबर कधीच झिजून गेलेलं,
पत्रा नि पाइप एकमेकांना घासत
हुबळी, वापी, सोलापूर करत आलेले.
पाइपवर साबणाचं पाणी लावून
त्यानं टाकीकडच्या तोंडानं फुंकलं.
एक फुगा आला. फुटला.
त्याच जागी परत आला.
चीर केसाएवढी.

वीतभर पाइप कापला.
कानशीनं तोंडं घासली, कीस आत जाऊ नये म्हणून
डिझेलनं दोनदा धुतली.
मध्ये रबरी होज, चार क्लिपा,
क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून.

बँजो बोल्टचा तांब्याचा वायसर कडक झालेला
आणि पिशवीत नवा नाही.
दस्तगीरनं हौसाक्काच्या गाड्यावर जाऊन
चहाचं पातेलं स्वतःच उतरवलं.
'गिऱ्हाईक हुबं हाय, आणि तुला वायसर भाजायचाय!'
तरी तिनंच सांडशीत धरला,
लाल झाला तसा
ग्लास विसळायच्या बादलीत सोडला. चुर्र.
असा बुडवला तर आणखी कडक होईल, मी म्हणालो.
'ते लोखंडाचं. तांबं मऊ पडतंय,' हौसाक्का म्हणाली
आणि पातेलं परत चढवलं.

फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून
मी हातपंप मारत राहिलो.
आधी नुसता फेस. मग थुंकल्यागत चार शिंतोडे.
परत फेस.
अंगठा बधिर.
'मार की मर्दा, थांबू नको.'
आणि मग एकाएकी सलग,
एकही बुडबुडा नसलेली धार
मनगटावरून कोपरापर्यंत.
'हां. आवळ.'

तिसऱ्या सेल्फला गाडी लागली.
चारशे रुपये घेतले त्यानं, चहाचे हौसाक्काला वेगळे द्यायला लावले.
पूल चढून जाईपर्यंत मी टेप लावला नाही.
तावडे हॉटेल, पंचगंगा, शिरोली,
वाठारपर्यंत नुसता कान इंजिनाला.

कापलेला तुकडा मागून घेतला होता.
पेठ नाक्यावर गाडी बाजूला लावून
त्याचं एक टोक अंगठ्यानं बंद केलं
आणि दुसऱ्यातून फुंकलं.

जिभेवर डिझेलची कडवट चव,
आणि तळहातावर, बारीकशी,
हवा.